पाहुणीला घंटी

अप्पा, आपलं भाषण मंडळ अजून नाहूरच्या त्याच हॉलमध्ये रविवारी सकाळी भरतं. तुमच्यानंतर मी चालवते. माणसं मात्र गळत गळत सातवर आली होती. मी पत्रकं वाटली, सोसायट्यांच्या ग्रुपवर टाकलं, पण चिटपाखरू फिरकलं नाही. मग घाटकोपरच्या बाजारात मासळी विकणारी एक मावशी मंडळात आली आणि तिने तीन महिन्यांत अकरा जणी आणल्या. कशा, तर गिऱ्हाइकाला सरळ म्हणते, "पापलेट नंतर देते गं, आधी रविवारी बोलायला येतेस की नाय ते सांग!" आणि बायका येतातही. माझा नुसता जळफळाट होतो. तुम्ही असतात तर तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या असत्यात, हे ठाऊक असल्यामुळे जास्तच. माझ्यासाठी कधी वाजवल्या नाहीत. अजून डोळ्यांसमोर आहे, शाळकरी मी ओट्याजवळ उभी राहून चौदा एप्रिलचं भाषण म्हणतेय, तुम्ही मरोळच्या कारखान्यातून नुकतेच आलेले, हातातली पिशवीही न ठेवता माझ्या प्रत्येक 'अं'ला चमच्याने पेला वाजवताय. "लोकांचा वेळ खाऊ नको," एवढंच म्हणालात.

मंडळात त्याच कामासाठी तुम्ही घंटी आणलीत, पण नियम घातलात, पाहुण्याला पहिल्या दिवशी घंटी नाही. जे येईल ते बोलू द्यायचं. परवाच्या रविवारी मावशीने एक नवी बाई आणली. शाळेत शिपाई आहे, जन्मात कधी माईक धरला नव्हता. "मी... अं..." म्हणाली, आणि पुढच्या खुर्चीवरून मावशी कौतुकाने मान हलवायला लागली, तुम्ही दुसऱ्यांच्या मुलांकडे बघून हलवायचात तशी. माझा हात घंटीवर गेला. दोनदा वाजवली. बाईने माईक टेबलावर ठेवला, "सॉरी हां" म्हणाली आणि पर्स उचलून निघून गेली.

सवयीने वाजली, असं मी सगळ्यांना सांगितलं. मावशीने विश्वास ठेवला. काल फोनवर म्हणाली, "जाऊ दे गं, होतं असं. मीच तिला घाई केली. आता तिच्या घरी जाते, हातापाया पडते, येईल." तिला खरं सांगणार होते, पण "बरं" म्हणून फोन ठेवला. तुम्हाला लिहितेय, कारण तुमच्याकडून उत्तर यायची भीती नाही. हा कागदही फाडून टाकेन. पण एकदा कुठेतरी लिहायला हवं. ती बाई दाराबाहेर पडली तेव्हा मला बरं वाटलं होतं, अप्पा.