रुओलिन कधी आली होती

चांगशा, ९ नोव्हेंबर २०१०

प्रिय ताई,

तू पाठवलेला खारवलेला मुळा पोचला. दाजींचा गुडघा आता कसा आहे? इथे थंडी पडलीय, दवाखान्यात तापाचे रुग्ण वाढलेत. काढ्याची भांडी सकाळपासून उकळत असतात.

आता मी काढ्यासोबत विषाणूवरची गोळीही पहिल्याच दिवशी देतो. बऱ्याच जणांचा ताप लवकर उतरतो. तू म्हणशील, तीन पिढ्यांच्या वैद्याला ही अक्कल कधी आली?

गेल्या वर्षी, ताई. फ्लूच्या साथीत रुओलिन गेल्यावर.

ती चौथ्या दिवशी आली, असं मी तुला सांगितलं होतं. ते खोटं होतं. अंगात ताप भरला त्याच दुपारी ती शाळेत मुलांना शिकवून थेट माझ्याकडे आली. लहानपणापासून तिला दमा. गोळ्या माझ्या खणात होत्या. तिने विचारलं, "मामा, गोळीपण घेऊ का?"

मी म्हणालो, "मामाच्या काढ्यावर भरवसा नाही वाटतं?"

ती हसली, नाक दाबून वाटी रिकामी केली आणि घरी गेली. तिसऱ्या दिवशी तिचे ओठ निळे पडले. तेव्हा मी गोळी दिली. काढा वाईट नव्हता गं. माझा ताठा वाईट होता. गोळीने ती वाचलीच असती, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण मी तिला ती संधीच दिली नाही.

आता तापाने फणफणलेली कुठलीही मुलगी समोर बसली, की मास्कच्या वर मला रुओलिनचे डोळे दिसतात. तोच प्रश्न ऐकू येतो. मुलीने तोंडही उघडलेलं नसतं.

तिला माझ्याकडे पाठवायला उशीर केला म्हणून तू जावयाला दार बंद केलंस. वेईझोउ तर ती आजारी पडली तेव्हा कामासाठी परगावी होता. रुओलिनने त्याला फोनवर सगळं सांगितलं होतं. तरी तो गप्प राहिला. मी त्याला कारण विचारलं. तो म्हणाला, "आईंना आता तुमचाच आधार आहे. मी काय, परकाच."

वीस तारखेला तिचं वर्ष. त्याला बोलाव, तिच्यापुढे उदबत्ती त्याला लावू दे. मी आपणहून येणार नाही. तू बोलावलंस तरच येईन, आणि नाही बोलावलंस तरी तुझं काही चुकलं असं म्हणणार नाही.

ज्याच्या हाती तू लेक सोपवली होतीस, तो
बोहान