भुवया वर गेल्या, एवढंच

गिंबाल, इलोईलो
१४ ऑगस्ट १९९४

प्रिय मानांग फेलिसा,

तू हाँगकाँगला सुखरूप पोहोचलीस हे फोनवर कळलं. फोन आला तेव्हा फार्मसीत गिऱ्हाईक उभं होतं, म्हणून नीट बोलता आलं नाही. नानाय बरी आहे. जेवते, पण ताट घेऊन तातायच्या रिकाम्या खुर्चीशेजारी जाऊन बसते. नऊ रात्रींच्या प्रार्थना झाल्यावर मी घर झाडलं. घरातला बाप गेला की तोवर केर काढायचा नाही म्हणते ती, म्हणून तसाच ठेवला होता, तिच्या समाधानासाठी. तू केलेला गोड भाताचा बिको शेवटच्या रात्रीपर्यंत पुरला. लोकांनी तुझ्या हाताची तारीफ केली.

बाजारात तातायच्या जागी अजून कोणी आलेलं नाही. नगरपालिकेच्या तपासणीच्या तराजूवर कापड टाकून ठेवलंय. बायका मासळी घेतात, पुन्हा वजन करून बघायला सवयीने तिथपर्यंत जातात आणि कापड बघून माघारी फिरतात. नांग बेबिंग मला म्हणाली, "इन्दाय, आमच्या ओळीतल्या सगळ्याजणी हल्ली फार खुशीत आहेत. हे काही बरं लक्षण नाही." ती स्वतःच त्या ओळीत मासे विकते, तेव्हा तिला माहीत असणार.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

पाच सप्टेंबरला ताताय गेल्याचा चाळिसावा दिवस. परवा फादर सेव्हेरो घरी येऊन गेले. त्या दिवशी चर्चमधल्या प्रार्थनेत, मिसामध्ये, ते तातायची गोष्ट सांगणार आहेत. बायको-मुलींना चर्चमध्ये सोडून आयुष्यभर फाटकाबाहेर शेंगदाणेवाल्याशी गप्पा मारत उभा राहिलेला माणूस शेवटी आत कसा आला, त्याची. नानाय रडली, आनंदाने. आता ती गल्लीत सगळ्यांना सांगते, "अमादेओ म्हणाला, पाद्रीला बोलवा. अगदी स्पष्ट म्हणाला."

त्या दुपारी मी औषधासाठी शहरात गेले होते. ताताय बरेच दिवस एक शब्द बोलले नव्हते. मी परत आले तर त्यांच्या कपाळावर शेवटच्या संस्काराचं तेल, खोलीत मेणबत्तीचा वास, आणि फादर येऊन गेलेले. तू म्हणालीस, "त्यांनी स्वतः मागितलं." मी विचारलं, "कसं?" तू म्हणालीस, "तोंडाने." आणि लगेच वळून कॉफी करायला घेतलीस. मानांग, लहानपणी साखर चोरून खाल्लीस की तू अशीच पाठ करून भांडी घासायला लागायचीस.

दुसऱ्या दिवशी ताताय गेले. तेव्हा विचारण्याची वेळ नव्हती. आता विचारते. ते खरंच बोलले का?

मला प्रार्थनेचा राग नाही. त्यांच्या हातात जपमाळ घातली, पेटी बंद करण्याआधी, मरणाची माळ तिथेच तुटावी म्हणून, रीतीप्रमाणे ती कापली, तेव्हा मी काही बोलले नाही. ती नानायची जपमाळ होती, नानायची रीत होती. पण तातायच्या तोंडी शब्द घालणं वेगळं. बाजारातल्या त्या खोट्या वजनांच्या खटल्यात ते साक्षीला उभे राहिले तेव्हाचं तुला आठवत असेल. बायबलवर हात ठेवायला ते नाही म्हणाले, हाताशिवायही मी खरंच बोलणार आहे म्हणाले, आणि तू आठवडाभर लाजेने शाळेत गेली नाहीस. मी त्यांना विचारलं होतं, देव नाही तर खरं का बोलायचं? ते म्हणाले, "किलो काय आकाशातून पडला? माणसांनी बसून ठरवला. देवाने दिला असता तर देवाने सांभाळला असता. आपण ठरवलाय, म्हणून तराजूवर आपण अंगठा ठेवायचा नाही." बेबिंगचा नवरा समुद्रात बुडाला तेव्हा तिने सगळ्यांना एकच विचारलं, त्याला त्रास झाला असेल का? सगळे म्हणाले, अजिबात नाही. ताताय म्हणाले, "मला माहीत नाही." किती बोलले होते लोक त्यांना!

मी फादरकडे गेले. ते म्हणाले, "बाळ, त्या खोलीत माझ्यासमोर जे झालं ते मी कोणालाच सांगू शकत नाही." मी म्हटलं, "मग मिसामध्ये काय सांगणार?" म्हणाले, "तुझ्या बहिणीने सांगितलं ते."

म्हणजे सगळं तुझ्यापाशी येऊन थांबतं.

मग मी बेबिंगला गाठलं. त्या दुपारी ती मासळी द्यायला आली होती, हे तू मला सांगितलं नव्हतंस. तिने जसं सांगितलं तसं लिहिते. "फेलिसाने विचारलं, ताताय, फादरना बोलावू? काही नाही. पुन्हा विचारलं. काही नाही. तिसऱ्यांदा अगदी कानाशी वाकून विचारलं, तेव्हा भुवया वर गेल्या. फेलिसा धावत बाहेर. मग मीही विचारून घेतलं, म्हटलं, मानोंग, आता तुम्ही तराजूवर नाही, तर माझा किलो नऊशे ग्रॅमचा चालेल ना? तर काय, भुवया वर! मी म्हटलं, हा माणूस एकतर गेला किंवा माझी चेष्टा करतोय."

म्हणजे ते बोलले नाहीत. जीभ गेल्यावर त्यांच्याजवळ भुवयाच उरल्या होत्या. आपण सगळे हो म्हणायला वर करतो तशा. पण शेवटी शेवटी त्या कशालाही वर जायच्या. माशी बसली तरी, खोकला आला तरी. त्यात काही अर्थ राहिला नव्हता. तू त्याचं वाक्य केलंस.

चाळिसाव्याच्या आधी फादरना किंवा नानायला तू स्वतः लिही. मी सांगितलं तर देव न मानणारी ही द्वेषाने बोलते असं होईल. तू लिहिलं नाहीस तर मात्र मी सांगेन.

सर्दीचं औषध सोबत पाठवते आहे. जेवणानंतर घे.

एल्विरा


हाँगकाँग
२१ ऑगस्ट

इन्दाय,

आज रविवार, सुट्टी. चौकात पुठ्ठा अंथरून बसलेय. शेजारी आपल्याकडच्याच बायका पत्ते खेळतायत आणि ओरडतायत. त्यातच लिहितेय, त्यामुळे अक्षराला हसू नकोस. औषध मिळालं. पोलिसी पत्रासोबत औषध, हे तूच करू शकतेस.

हो. ते तोंडाने बोलले नाहीत. भुवया वर केल्या. नानाय दारातून धावत आली आणि म्हणाली, "काय म्हणाला? काय म्हणाला?" मी काय सांगू? भुवई म्हणाली? मी म्हटलं, फादरना बोलवा म्हणाले. तिचा चेहरा तू बघितला नाहीस. तू शहरात होतीस.

इथे मी ज्या म्हातारीला सांभाळते ती दिवसभर भिंतीकडे बघत असते. तिची मुलगी फोन करून विचारते, आई काय म्हणते? मी सांगते, तुमची आठवण काढते. मुलगी फोनवर रडते, मग शनिवारी भेटायला येते. म्हातारी तिचा हात धरते. मी खोटारडी? असेन. पण तो हात खरा असतो.

तिसऱ्यांदा विचारलं म्हणून तू मला पकडलंस. तू किती वेळा विचारलं होतंस, एल्विरा?

जुलैत डॉक्टरांनी सांगितलं होतं, शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात हलवा. तू मला फोन केलास. म्हणालीस, "तातायना घरीच राहायचंय. त्यांनी स्वतः सांगितलं." हे तुझेच शब्द. मी तेव्हा विचारलं नाही, कसं. कसं ते मला ठाऊक होतं. गप्प बसले, कारण तू त्यांच्याजवळ होतीस आणि मी इथे दुसऱ्याच्या आईला भरवत होते.

आता तू लिहितेस की त्या भुवयांना अर्थ राहिला नव्हता. बरं. मग त्यांना घरी कोणी ठेवलं? मी निदान माझं देवाच्या पदरात टाकू शकते. तू कोणाच्या टाकणार?

नानायला सांगायचं तर सांग. पण अर्धंच सांगू नकोस.

फेलिसा


गिंबाल
११ सप्टेंबर १९९४

प्रिय मानांग,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी एका बाईला चुकीच्या ताकदीच्या गोळ्या दिल्या. ती दारातून बाहेर पडायच्या आत लक्षात आलं. तेवढ्यावर निभावलं.

मागच्या पत्रात मी हॉस्पिटलबद्दल एक ओळही लिहिली नव्हती. विसरले नव्हते. आता लिहिते.

डॉक्टर गेल्यावर मी तातायजवळ बसले आणि विचारलं, "घरीच राहायचं ना?" भुवया वर गेल्या. मी एकदाच विचारलं. तू तीन वेळा विचारलंस, पण मी एकदाच का विचारलं ते ऐक. उलटा प्रश्न, हॉस्पिटलात जायचं का, हा मी विचारलाच नाही. विचारला असता तर भुवया तेव्हाही वर गेल्या असत्या याची मला भीती होती. पहिल्या वेळी हॉस्पिटलात पाहिलेल्या त्या नळ्या, त्यांचे बांधलेले हात मला पुन्हा बघवले नसते. मला. त्यांना बघवलं असतं की नाही, मला माहीत नाही. मग मी बाहेर आले आणि सगळ्यांना सांगितलं, ताताय म्हणतात घरीच. डॉक्टरांना, तुला, नानायला. तराजूवर तो अंगठा माझा होता.

चाळिसाव्याच्या आदल्या दिवशी नानाय अंगणात मासे साफ करत होती. मी तिला सगळं सांगितलं. आधी माझं, मग तुझं. ती खवले काढत राहिली. मग म्हणाली, "तू विचारलंस तेव्हा भुवया वर केल्या?"

"हो."

"फेलिसाने विचारलं तेव्हाही?"

"हो. बेबिंगने नऊशे ग्रॅमचं विचारलं तेव्हाही."

"बेबिंगचं सोड, ती मेलेल्यालाही हसवेल." मासा उलटा करून ती म्हणाली, "पण तुमच्या दोघींचं कसं करू? तोच माणूस, त्याच भुवया. एकीच्या वेळच्या खऱ्या नि दुसरीच्या वेळच्या खोट्या, हे मला नाही जमायचं."

"मग?"

"मग काय? आलं किस."

हॉस्पिटलबद्दल ती मला दोष देते का, हे मी तिच्या चेहऱ्यावर शोधत राहिले. अजून शोधते. रात्रीच्या जेवणात तिने मला माशाचा मधला तुकडा वाढला, आणि त्याचाही मी अर्थ लावत बसले. ही मला लागलेली नवी खोड आहे.

संध्याकाळी मी फादरकडे गेले आणि त्यांनाही दोन्ही सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे त्यांनी नकार तर दिला नाही?"

मी म्हटलं, "फादर, नकार द्यायला त्यांच्याजवळ काही उरलंच नव्हतं."

ते मला दारापर्यंत सोडायला आले. म्हणाले, "बघतो."

मिसाला गर्दी होती. मासळीच्या ओळीतल्या सगळ्या बायका आल्या होत्या. मी आत बसले, नानायशेजारी. तातायसारखी फाटकाबाहेर उभी राहणार होते, पण तिने माझा दंड धरला होता. फादरनी फाटकाचं सांगितलं, शेंगदाणेवाल्याचं सांगितलं, लोक हसले. मग म्हणाले, "आणि शेवटच्या दुपारी अमादेओने एक खूण केली." वाक्य नाही म्हणाले. खूण म्हणाले. तेवढं त्यांनी माझं ऐकलं, किंवा तुझं अर्धं ठेवलं. पण मग त्यांना राहवलं नाही. पहिल्या बाकाकडे बघून त्यांनी विचारलं, "होय ना, नानाय?"

सगळं चर्च नानायकडे बघायला लागलं. तिला सगळं माहीत होतं, मीच सांगितलं होतं. माझा हात तिच्या हातात होता.

नानायने भुवया वर केल्या.

मागच्या बाकावरून बेबिंग माझ्या कानाशी वाकून पुटपुटली, "किती ग्रॅम, इन्दाय?" ताताय गेल्यापासून मी पहिल्यांदा हसले. मग लगेच रडले. लोकांना वाटलं, मलाही देव सापडला. वाटू दे म्हणावंसं वाटतं, पण तेही खोटंच होईल, म्हणून बाहेर विचारणाऱ्यांना मी नाही म्हणून सांगितलं.

परत येताना बेबिंग सोबत होती. मी तिला विचारलं, नवऱ्याच्या वेळी ताताय माहीत नाही म्हणाले त्याचा तुला राग आला होता ना? ती म्हणाली, "खूप. पण बाकीचे काय म्हणाले ते आता आठवतही नाही. रोज सकाळी समुद्राकडे बघताना मानोंगचंच आठवतं. माहीत नाही म्हणालेला तो एकटाच माझ्यासोबत उभा होता."

नानायचा तो होकार खरा होता की फादरची लाज राखली, की आपल्या दोघींची, मी विचारलं नाही. विचारणार नाही. तीनदा तर नाहीच.

तू खोटं बोललीस असं मी पुन्हा लिहिणार नाही. बोलली नाहीस असंही लिहिणार नाही. माझ्यापुरतं एक करते. तातायना घरीच राहायचं होतं असं मी यापुढे कोणाला सांगणार नाही. मी विचारलं, भुवया वर गेल्या, आणि ठरवलं मी. हे कोणाच्या पदरात टाकू म्हणून तू विचारलं होतंस. कोणाच्या नाही. माझ्याच पदरात ठेवते. जड आहे.

नाताळला येशील तेव्हा मला फक्त जे दिसलं ते सांग. त्यांचा हात गरम होता का, खिडकी उघडी होती का, तू वाकलीस तेव्हा त्यांचे डोळे कुठे होते. त्या दुपारी मी नव्हते, मानांग. मला तेवढंच हवंय.

ठरवणारी,
तुझी बहीण
एल्विरा