शनिवारची अडीचची गाडी

४ मे, सकाळी ७.१०
शेवटच्या वर्षाच्या विषयनिवडीचा फॉर्म १२ तारखेला, शुक्रवारी दुपारी चारला बंद होणार. शाळेच्या क्लार्कबाईंनी फोनवर खात्री दिली. मी पुन्हा विचारलं, पुन्हा दिली. तिसऱ्यांदा विचारल्यावर म्हणाल्या, साहेब, चार म्हणजे चारच.

खारूचे विषय मी ठरवणार. खारू म्हणजे माझी लेक. वय सतरा. लहानपणी पेन्सिलींचे तुकडे गादीखाली जमवायची, म्हणून खार. मी बस डेपोत शेड्यूल विभागाचा प्रमुख आहे. सेहेचाळीस गाड्या आणि एकशे बारा ड्युट्या रोज कागदावर बसवतो. माझ्यापुढे सहा विषय म्हणजे पोरखेळ.

ही असती तर दोघांनी मिळून केलं असतं. हिची बदली झाली आहे. तात्पुरती. चौथं वर्ष चालू.

५ मे, संध्याकाळी ६
शाळेचं माहितीपुस्तक वाचून काढलं. लोक विषयांची वर्णनं वाचतात, तिथेच फसतात. मी फक्त तासांच्या वेळा वाचल्या.

पहिला मसुदा तयार: लेखाकर्म, संख्याशास्त्र, गृहव्यवस्थापन आणि इतर तीन. मधे एकही मोकळा तास नाही. खारू सव्वातीनला घरी. मी पाच चाळीसला डेपोतून सुटतो, सहाला घरात. सहा ते साडेनऊ दोघं घरी. रोज साडेतीन तास. इतका घट्ट चार्ट डेपोतही कधी जमला नव्हता.

तिला काय आवडतं हा मुद्दा आला नाही. चार्टमध्ये तो कॉलम नसतो.

ऑफिसमध्येही चांगला दिवस. जूनपासूनच्या नव्या वेळापत्रकातून शनिवारी दुपारी अडीचला हिच्या बदलीच्या गावाहून इकडे येणारी गाडी काढून टाकली. सरासरी प्रवासी अकरा. त्यांतले दोन आमचेच कंडक्टर. किमान अठरा हवेत. हा आकडा मीच ठरवलेला, आता सगळे डेपो वापरतात. चीफ म्हणाले, तुमचं कुटुंब तिकडे असतं ना हो? म्हटलं, कामात नाती आणायची नाहीत. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. प्रभावित झाले असावेत.

६ मे, शनिवार, दुपारी
जेवणाच्या टेबलावर चौतीस कागदांवर सह्या केल्या. आमच्याकडे पद्धत अशी की सही हवी तिथे असिस्टंट पेन्सिलीने बारीक फुली मारून ठेवतो. फुली दिसली की सही. वाचायचं त्यांनी, सही मी करायची. अठरा वर्षांत एकदाही चूक नाही.

खारू समोर बसली होती. तिनेही एक कागद सरकवला, फुली मारलेला. शाबास. घरातलं वळण दिसतं. मोठ्याने वाचूनही दाखवला. काहीतरी नकाशे, काहीतरी तिकडची शाळा, काहीतरी आई. सहल असावी. मी तेव्हा सात नंबर रूटच्या जेवणाच्या सुट्टीत अडकलो होतो. सही केली. ती म्हणाली, ऐकलंस ना बाबा? म्हटलं, अक्षरन् अक्षर.

ती उठून खोलीत गेली. मग परत येऊन उगाच पाठीमागून गळ्यात हात टाकून गेली. दहावीनंतर प्रथमच. सहल तिला फार हवी असणार.

८ मे, रात्री ९
आज आठ वाजता विषयनिवड बैठक ठेवली होती. दोन दिवस आधी फ्रिजवर सूचना लावली होती. आठला मी एकटाच. ती मैत्रिणीकडे. पावणेनऊला आली.

मसुदा क्रमांक तीन दाखवला, रंगीत. हिरवा म्हणजे शाळा, पिवळा म्हणजे अभ्यास, निळा म्हणजे आम्ही दोघं. तिने बराच वेळ पाहिला. म्हणाली, बाबा, निळं खूप आहे रे. म्हटलं, तेच तर कौशल्य. मग म्हणाली, पण हे आता कशाला करतोयस? म्हटलं, फॉर्म शुक्रवारी आहे. तिने जेवलास का, असं विचारलं.

पोरगी भारावली.

९ मे, दुपारी
शाळेच्या समुपदेशक बाईंचा फोन. मी वर्कशॉपमध्ये, मागे इंजिन चालू. बाई म्हणाल्या, तुमचं कौतुक वाटतं, मुलीला इतका मोकळा पाठिंबा देणारे पालक विरळा, आणि तेही तुमच्यासारख्या परिस्थितीत. मी म्हटलं, कर्तव्य आहे. त्या पुढे काही सांगत होत्या, पण पंधरा नंबरचा ड्रायव्हर मधेच बोंबलत आला, म्हणून फोन ठेवला.

रंगीत चार्टची कीर्ती शाळेपर्यंत गेली तर. खारूनेच सांगितलं असणार.

११ मे, संध्याकाळी ७
हिचा फोन. आश्चर्य, कारण आम्ही रविवारी बोलतो. सात मिनिटं. पहिली पाच खारूची, शेवटची दोन माझी.

ही म्हणाली, तिची खोली रंगवून घेतेय, तुला चालेल ना? म्हटलं, सुट्टीत चार दिवस येईल पोरगी, त्याला रंग कशाला? मग म्हणाली, तू बोलला आहेस ना तिच्याशी? म्हटलं, रोजच बोलतो. मग मीच विषय बदलला आणि विचारलं, बदलीचं काय म्हणतात वरचे? यंदा सुटेल का? मग म्हणाली, चार वर्षं झाली रे. आता तरी असं विचारू नकोस.

नेटवर्क गेलं. तिकडे नेटवर्क फार वाईट. हा प्रश्न विचारला की हमखास जातं.

१२ मे, दुपारी ३.२०
अर्धा दिवस रजा टाकून शाळेत. मसुदा क्रमांक पाच, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. क्लार्कबाईंच्या खिडकीपाशी पालकांची रांग. सगळे मुलांना घेऊन आलेले. मी एकटा, पण तयारीत सगळ्यांच्या पुढे.

बाईंनी नाव विचारलं, रजिस्टर उघडलं. म्हणाल्या, तुमचा फॉर्म सोमवारीच आलाय की. म्हटलं, शक्य नाही, मसुदा अजून माझ्या हातात आहे. त्यांनी फाइल काढून समोर ठेवली. भूमापन. नकाशाशास्त्र. भूगोल, प्रात्यक्षिकासह. आणखी तीन. खाली लिहिलेलं की यातले दोन विषय या शाळेत नाहीत, म्हणून विद्यार्थिनी शेवटचं वर्ष दुसऱ्या शाळेत करील. गावाचं नाव. हिचं गाव. राहण्याची सोय: आईकडे.

पालकाची सही. माझी. शेजारची पेन्सिलीची फुली खोडायचीही राहिलेली.

बाई म्हणाल्या, काही चुकलंय का साहेब? चार वाजेपर्यंत बदलता येतं. मागचा माणूस खोकला. घड्याळात तीन पाच. म्हटलं, नाही, फक्त तपासायला आलो होतो. बाई म्हणाल्या, असे पालक हवेत.

आता समोरच्या बाकावर बसून हे लिहितो आहे. अजून चाळीस मिनिटं आहेत.

१२ मे, दुपारी ४.०५
बाईंनी खिडकी बंद केली. जाताना विचारलं, पाणी हवंय का.

१२ मे, संध्याकाळी
कडक बोलायचं ठरवून घरी गेलो. मुद्दे बसमध्ये लिहून काढले होते. एकूण नऊ.

खारू दारातच. क्लार्कबाईंनी तिला कळवलं होतं. म्हणाली, बाबा, मी वाचून दाखवलं होतं. तू म्हणालास अक्षरन् अक्षर. मला त्याच दिवशी वाटलं होतं की तू ऐकलं नाहीस. पण मला इतकं हवं होतं ना, की मी पुन्हा नाही विचारलं.

आणि रडायला लागली. नऊच्या नऊ मुद्दे वाया.

मग डोळे पुसून म्हणाली, आता खरं सांग. तू नको म्हणालास तर मी थांबते. सोमवारी जाऊन बाईंच्या पाया पडते. फक्त नीट सांग, तुला एकट्याला जमेल का?

मी हसलो. म्हटलं, वेडी आहेस का, मला सगळं माहीत होतं. मी बघत होतो तू स्वतःहून किती तयारी करतेस. ती म्हणाली, खरं? म्हटलं, मग काय, सही कोणाची आहे?

ती तरी दारात उभी राहिली, थोडा वेळ. मी पेपर उघडला. मग गेली खोलीत.

प्रसंग मी फार चांगला हाताळला.

१७ मे
एकटं राहण्याचे फायदे. यादी करायला घेतली.
१. बाथरूम लगेच मिळेल.
२. टीव्हीचा रिमोट.
बाकीचे नंतर आठवतील.

शिवाय एक वर्षाचाच प्रश्न. तोवर हिची बदली सुटेल आणि दोघी मिळूनच परत येतील. म्हणजे तोट्यात कोणीच नाही.

२८ मे, रविवार
खारूला भेट म्हणून डेपोतून जुना रूट नकाशा आणला. कापडी, गुंडाळीचा. खास आहे म्हणून चीफची परवानगी काढली. तिने उघडला, खूश झाली, पण चेहऱ्यावर नवल दिसेना. मग कपाटाखालून पत्र्याची पेटी ओढली.

आत माझेच कागद. आठ-नऊ वर्षांचे. मी केराच्या टोपलीत टाकलेले रूट नकाशे, चुकलेले, चहा सांडलेले, फाटलेले. सगळे इस्त्री केल्यासारखे सपाट. प्रत्येकावर पेन्सिलीने तारीख. काहींवर तिने दुरुस्त्या केलेल्या. एका ठिकाणी पूल चुकीच्या बाजूला आहे म्हणून बाण. बरोबर होतं तिचं. तो रूट मी तीन वर्षं तसाच चालवला.

म्हणाली, तू शनिवारी टेबलावर बसायचास ना, मला वाटायचं बाबा जग काढतो. म्हणून मला हेच शिकायचंय.

मी म्हटलं, रद्दी फार जमली, कमी कर, गाडीत सामान मर्यादित घेतात.

नंतर अर्धा तास गॅलरीत झाडांना पाणी घातलं. झाडं दोनच आहेत.

१० जून, शनिवार
उद्या सकाळी सहा चाळीसची गाडी. डेपोतला सगळ्यात शांत ड्रायव्हर त्या ड्युटीवर टाकला आहे. त्याला आम्ही लोणी म्हणतो, गाडी इतकी मऊ चालवतो. त्याची सुट्टी होती. बायको ओरडेल म्हणून कुरकुरला, पण झाला तयार. म्हणाला, साहेब, पोरगी माझीपण आहे, पण रविवार तुम्हाला परत करावा लागेल.

खारूची खोली आवरली. पलंगाखाली पेन्सिलीचा तुकडा सापडला. ठेवला तिथेच.

११ जून, रविवार, सकाळी ७.१५, डेपोची कँटीन
गेली.

फलाटावर ठरवलेलं भाषण मी केलं नाही, गाडी वेळेत सुटायला हवी होती. तिने पिशव्या मोजल्या, पाण्याची बाटली दाखवली, डबा दाखवला. मीच लहान असल्यासारखं सगळं दाखवत होती. मग म्हणाली, बाबा, शनिवारी शाळा एकला सुटते. आई म्हणाली तिथून अडीचला थेट गाडी आहे. दर शनिवारी येईन, मग निळ्याचं बघू आपण.

म्हटलं, ये.

म्हणाली, गाडी आहे ना नक्की? तू सांग, तुझंच तर असतं सगळं.

म्हटलं, आहे.

लोणीने मला खूण केली. त्याच्या मागची सीट रिकामी होती. म्हणाला, साहेब, बसा की, आज सुट्टी आहे तुमची, संध्याकाळी परत आणून सोडतो, वहिनींनाही भेटाल. खारूने बॅग उचलून जागा केली. मी म्हटलं, ऑफिसात काम आहे. दोघांनाही माहीत होतं की रविवारी ऑफिस बंद असतं.

सहा एकेचाळीसला सुटली. एक मिनिट उशीर. नोंद केली नाही.

११ जून, सकाळी १०.३०, ऑफिस
वॉचमनकडून किल्ली घेतली. काम होतंच.

बंद फेरी पुन्हा सुरू करण्याचा अर्ज नमुना क्रमांक चारमध्ये करावा लागतो. नमुना मीच बनवला आहे. फार सुटसुटीत. फेरीचं नाव: शनिवार, दुपारी अडीच. बंद होण्याचं कारण: प्रवासी नाहीत. सुरू करण्याचं कारण, एका ओळीत. तिथे बराच वेळ गेला. शेवटी लिहिलं: लेक.

पुढचा रकाना, अपेक्षित प्रवासी संख्या. आधी दोन लिहिले. हिला धरून. मग हिचा फोन आठवला. चार वर्षं झाली रे, असं ही म्हणाली होती, आणि नेटवर्क तेव्हा अगदी स्वच्छ होतं.

खोडून एक केला.

खाली स्वतःच फुली मारली आणि सही केली. या वेळी वाचून.

उद्या सकाळी अर्ज माझ्याच टेबलावर येईल. मी तो शेरा मारून कमिटीकडे पाठवीन. कमिटी महिन्याच्या पहिल्या मंगळवारी बसते. शनिवारी अडीचला खारू तिकडच्या स्टँडवर असेल, म्हणून त्याआधी फोन करून गाडी नाही असं सांगावं लागेल. किमान अठरा प्रवासी लागतात.