टीव्हीचा उजेड

३ मार्च

विजेचं बिल आलं. केवढं ते! माणसं दोन. फ्रिज लहान, माझं शिवणयंत्र पायानं चालणारं. मग वीज खातं कोण? हॉलमधला तो टीव्ही! हे निवृत्त झाले तेव्हा लेकीनं हौसेनं घेऊन दिला. तेव्हापासून सकाळी दाढीबरोबर सुरू होतो तो अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत. बरं, बघतात तरी का? मांडीवर छापखान्यातून तपासायला आणलेली प्रुफं, हातात लाल पेन, आणि समोर बातम्या किंचाळतायत.

“अहो, बंद करू?”

“राहू दे गं, सोबत होते.”

आणि मी कोण? शोभेची बाहुली?

४ मार्च

लेकीचा फोन. म्हणाली, “आई, नुसता रिमोटनं बंद करू नकोस, भिंतीवरचं बटण बंद कर. आणि पडद्याचा उजेड कमी कर. खरी वीज तोच खातो. दुकानात झगमगीत दिसावा म्हणून उगाच वाढवलेला असतो.”

भिंतीवरचं बटण बंद केलं तर ह्यांची कुरकुर. टीव्ही सुरू व्हायला वेळ लागतो म्हणे, पहिली बातमी हुकते! हुकली तर हुकली. दुपारपर्यंत तीच दहादा सांगतात.

६ मार्च

हे आंघोळीला गेले होते. मी टीव्हीच्या सेटिंगमध्ये शिरले. उजेडाची पट्टी सापडली. जरा मागे सरकवली. हे आले, बसले. हूं नाही की चूं नाही!

११ मार्च

अजून थोडी मागे. स्वतःच्या घरात चोरासारखी!

“आभाळ आलंय का गं?”

बाहेर लख्ख ऊन. मी ब्लाउजच्या कापडात तोंड खुपसून हसले.

१५ मार्च

आज मात्र बरं नाही झालं. हे ओल्या फडक्यानं पडदा पुसत होते. मग चष्मा पुसला. मग पुन्हा पडदा.

“अगं, माणसांचे चेहरे धड दिसत नाहीत.”

“टीव्ही आहे तसाच आहे. वय झालं तुमचं.”

मी बोलून गेले. हे खुर्ची पुढे ओढून बसले — शाळेतल्या पहिल्या बाकावरच्या मुलासारखे.

१६ मार्च

चैन नाही. पट्टी परत वाढवू? पण एकदम वाढवली तर कळेल. ओरडतील. पुढचं बिल येऊ दे, कमी आलं की हसत हसत सांगू. हो, तसंच करू.

काज करताना दोनदा सुई बोटात घुसली.

२१ मार्च

हे सकाळी प्रुफांचा गठ्ठा घेऊन गेले. रिकाम्या हातानं परत आले. नवी प्रुफं नाही आणली?

“नाही. मालकांना सांगून आलो, आता दुसरा माणूस बघा.”

“का हो?”

“डोळ्यांचा भरवसा नाही. उद्या एखादी वेलांटी सुटली तर? कुणी बोट दाखवण्याआधी आपणच उठलेलं बरं.”

लाल पेन ड्रॉवरमध्ये ठेवलं. हा माणूस लग्नपत्रिका हातात आली तरी आधी शुद्धलेखन बघतो, मग नवरा-नवरी! आणि मी काय करून बसले! जेवण गेलं नाही. ह्यांनी टीव्हीसुद्धा लावला नाही. एवढं शांत घर — कान फुटायची वेळ आली.

२२ मार्च

सांगितलं. चहाचा कप समोर ठेवला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

आधी कळलंच नाही त्यांना. मग असे भडकले! “म्हणजे मी मूर्खासारखा पडदा पुसत होतो आणि तू बघत होतीस?” कप आदळला. बशीत चहा सांडला. मी मान खाली घालून उभी.

आणि मग हसायलाच लागले! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. “म्हणजे मला काही झालेलं नाही! अगं, मला काहीही झालेलं नाही!” चहा तसाच टाकून चपला अडकवल्या आणि छापखान्याकडे सुटले. दारातून ओरडले, “वीजचोर कुठली!”

जीव भांड्यात पडला. प्रुफं परत मिळाली. परतताना भेळेसारखी कागदाची पुडी — उघडली तर माझ्यासाठी सुया!

२३ मार्च

काल टीव्ही कुणी लावलाच नाही. आज संध्याकाळी ह्यांच्यादेखत पट्टी शेवटापर्यंत नेली. पडदा एवढा झगमगला की माझेच डोळे दिपले.

हे पडद्याकडे बघत म्हणाले,

“कर की आता पूर्ण.”

“केलाय.”

माझ्या हातातून रिमोट घेतला आणि उजेड वाढवायचं बटण दाबत राहिले. दाबतच राहिले.