गोरखची लाथ

११ फेब्रुवारी १९९९

हाणला! फावड्याचा दांडा असा घातला गोरखच्या हातावर की बोटं टरारून सुजली. सख्खा धाकटा भाऊ – असू दे! विहीर सामाईक, पाण्याची पाळी माझी, कांद्याला शेवटचं पाणी चाललेलं, आणि हा मोटारीचा फ्यूज काढून खिशात घालून उभा. "कालची माजी पाळी लाईटीनं खाल्ली. ती भरून पायजे मला." लाईट काय मी घालवली?

दांडा खाल्ल्यावर त्यानं मला पाडलं आणि उजव्या कुशीत लाथ घातली. एकच. पण बसली. आई मध्ये पडली नसती तर आज त्याला विहिरीत लोटला असता. खरंच लोटला असता.

१२ फेब्रुवारी

लघवीत रक्त. चक्क लाल. निर्मलाला दाखवलं. माझी बायको एरवी कोंबडीला खडा मारत नाही, पण आज गोरखच्या दारात उभी राहून अशा शिव्या दिल्या की अख्खं निरगुडसर ऐकत होतं. दुपारी मंचरला जाऊन फिर्याद दिली. संध्याकाळी पोलीस त्याला गाडीत घालून घेऊन गेले. मी रस्त्यावर उभा राहून बघितलं. लई बरं वाटलं.

३ मार्च

रक्त तपासलं. क्रिएटिनिन अडीच. म्हणजे किडन्या अर्ध्याच्या वर कामातून गेल्या. इथल्या डॉक्टरनं दाखला दिला – मार लागून. वकील खूश! "किडनी गेली म्हणजे जबर दुखापत. आत बसतोय तो." गोरख जामिनावर सुटून आलाय. चार दिवस उंडारू दे.

दवाखान्यात सोमाजी भेटला, वरच्या आळीतला. त्याला जुनी शुगर. त्याचाही आकडा अडीचच. "आपुन जोडीदार झालो राव," म्हणून हसत होता.

१९ मार्च

पुण्याला मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे एकटाच गेलो. कांदा काढणी चाललीय, निर्मलाला सवड नव्हती. बाईंनी पोटाची सोनोग्राफी केली, दोन्ही कुशी दोन-दोनदा बघितल्या. मग विचारलं, "वडील कशानं गेले?"

तोंड सुजून, ओकून ओकून गेले. गावात सगळे करणी म्हणत होते.

बाई म्हणाल्या, दोन्ही किडन्यांवर पाण्याचे फोड आहेत. जन्मापासूनचे. वडिलांकडून आले. "लाथेनं एखादा फुटला, म्हणून रक्त दिसलं. किडन्या लाथेनं गेलेल्या नाहीत." आणि वर हसून म्हणतात, "किडनी कशामुळे बिघडली, त्यावर पुढचं ठरतं. तुमचं सावकाश जाणारं आहे. प्रेशर सांभाळलंत तर बरीच वर्षं काढाल."

दुसरा कोणी पेढे वाटत आला असता. माझ्या मस्तकात तिडीक गेली. वर्षं काढाल! मग गोरख काय नुसताच सुटला? मला ती लाथच हवी होती.

निघताना म्हणाल्या, "भावंडांना, मुलांना तपासून घ्या. निदान प्रेशर तरी. डोकं दुखत असेल तर अजिबात थांबू नका."

घरी सांगितलं – तेच म्हणाल्या, मार लागून.

२० मार्च

बोललो नाही. बोलणारही नाही.

७ एप्रिल

मीठ कमी. प्रेशरची गोळी रोज. आमटी म्हणजे गरम पाणी. ताट भिंतीवर फेकलं. इंदू घाबरून आजीच्या मागं लपली. बारा वर्षांची पोर, बापाला भितेय. नंतर मीच भिंत पुसली.

१४ जून

आई म्हणाली, "गोरख्याचं डोकं सारकं ठणकतंय रं. फडकं बांधून हिंडतंय." ठणकू दे!

पण बाईंचं ते 'थांबू नका' सारखं मनात येतं. येतं आणि मग जास्तच राग येतो.

२९ ऑगस्ट

गोरख आज घरात आला. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा. डोक्याला फडकं, डोळे तांबारलेले. माझ्याकडे बघितलंही नाही, आईला म्हणाला, "आये, माज्यामुळं झालंय. माजी एक किडनी काडून द्या त्याला. केस न्हाई काडली तरी चालंल."

अरे, तुझ्या तरी धड आहेत का ते बघ आधी! अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं आणि हातातला तांब्या फेकून मारला. कानशिलाला लागला, रक्त आलं. तो हललाही नाही. फडकं तिथंच दाबून धरलं आणि गेला.

मला मारायला हवं होतं त्यानं. उलटून मारलं असतं तर बरं झालं असतं.

१७ ऑक्टोबर

सोमाजी गेला. मार्चमध्ये दोघांचा आकडा एक होता! शुगरनं त्याचं दिवाळीच्या आतच उरकलं. डोळे गेले, पाय काळा पडला, शेवटी पुण्याला नेऊन यंत्रावर रक्त धुतलं, तेही सोसलं नाही. माझा आकडा अजून अडीचलाच बसून आहे.

तिरडी उचलताना त्याची बायको माझ्याकडे बघत होती. सांगू तरी काय तिला? बाई, माझा आजार चांगल्या घरचा आहे?

समोरचा खांदा गोरखचा होता. चालताना दोनदा थांबला, डोळे मिटून घेतले. मला दिसलं. गप्प राहिलो. पुढच्या महिन्याच्या शेवटी घोडेगावच्या कोर्टात तारीख आहे. एकदा निकाल लागू दे, मग सांगतो.

२२ नोव्हेंबर

इंदूच्या लघवीत रक्त. शाळेत लंगडी खेळताना गोरखच्या सुदर्शननं ढकललं, बाकाच्या कोपऱ्यावर आपटली. पोरांचा खेळ! पण निर्मला कोयता घेऊन सुटली – "बापाची लाथ पोराच्या पायात उतरली का रं? तोडतेच!"

गोरखच्या अंगणात तिला आडवा गेलो. सगळं बोललो. फोड, वडील, बाई, सगळं. मार्चपासून माहीत होतं, हेही बोललो. कोयता तिच्या हातातच राहिला, फक्त ती आता सुदर्शनकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

गोरख ओट्यावर बसला होता, फडकं बांधून. मला वाटलं, आता उठून नरडं धरतो. धरायला हवं होतं.

तो एवढंच म्हणाला, "मंग माजं डोकं दुकतंय, ते बी तेच व्हय, दादा?"