लिननच्या खोलीतली वही

५ जानेवारी

समीना रोज दुपारी दोन वाजता लिननच्या खोलीत बसून वहीत काय लिहिते? माहीत नाही. तीन महिने झाले, उत्तर सापडलेले नाही. सकाळच्या सिस्टरने दुपारच्या सिस्टरला एकेक पेशंट समजावून ओव्हर दिली, की ही चादरींच्या गठ्ठ्यांमागे गुडूप. पंधरा मिनिटे. वही लांबट, हिरव्या पुठ्ठ्याची. पेन नाही, पेन्सिल. आणि खोडरबर. एम.एस्सी. नर्सिंग झालेली बाई!

मला काही देणेघेणे नाही. नोंद असावी म्हणून लिहिले.

६ जानेवारी

आमच्या वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर ३१ मार्चला रिटायर होणार. नव्या इन्चार्जसाठी मेट्रन मॅडमकडे दोनच अर्ज. समीनाचा आणि माझा. सांगलीला एम.एस्सी.ला ती पहिली आली, मी दुसरी. फरक दोन मार्कांचा. ते दोन मार्क तोंडी परीक्षेचे होते आणि त्या दिवशी मला सर्दी होती. हे सगळे मी आता विसरले आहे.

मला पद नकोच आहे. वॉर्डाचा कारभार बदलायचा आहे. पदाशिवाय वॉर्ड बदलता येत नाही, एवढीच अडचण.

९ जानेवारी, दुपारी २.२०

उलगडा झाला. चादर आणायच्या निमित्ताने गेले. समीना फोनवर कुणाला तरी सांगत होती, पंचवीस तारीख शेवटची हाय, अजून निम्मं भरायचंय, एक चुकलं तर सगळंच ढासळतं बघ. मला पाहिल्यावर वही मिटली.

ही चोरून डॉक्टरेट करते आहे. दुसरे काय असणार?

१० जानेवारी

मीही ॲडमिशन घेतली. ऑनलाइन डॉक्टरेट. नर्सिंग एक्झिक्युटिव्ह लीडरशिप. परदेशी विद्यापीठ, तीन वर्षे. बरेच दिवस मनात होते. (कालपासून.) समीनाचा यात काही संबंध नाही.

पोर्टलवर सगळ्या विद्यार्थ्यांची नावे दिसतात. तीनदा पाहिली. समीनाचे नाव नाही. म्हणजे ती दुसऱ्या विद्यापीठात असणार. बहुतेक जास्त चांगल्या.

बाबांना फोन केला. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली, त्यामुळे त्यांना नीट समजावून सांगावे लागते. लीडरशिप म्हणजे सगळ्यांना बरोबर घेऊन पुढे नेणे, असे सांगितले. बाबा म्हणाले, म्हंजी म्होरक्या व्हय? मग त्याला तीन वर्सं कशाला? आपलं बांडं बकरं तर सा महिन्याचं असल्यापास्नं कळपाम्होरं चालतंय.

संकल्प : रोज दोन तास अभ्यास. वॉर्डात कोणालाही कळू द्यायचे नाही.

१३ जानेवारी, मंगळवार

पहिला लाइव्ह क्लास. दर मंगळवार-शुक्रवार, आपल्याकडचे पहाटे साडेचार. विषय : व्हिजन. चांगला असावा. पाचनंतरचे आठवत नाही. कॅमेरा चालू राहिला होता.

२० जानेवारी

नवी शंका. ड्युटी लिस्टमध्ये पेन्सिलने बदल झालेले दिसले. दर मंगळवारी आणि शुक्रवारी मला दुपारची ड्युटी. दर! मेट्रन मॅडमचा राउंड सकाळी असतो, म्हणजे बरोबर त्या दोन दिवशी मी त्यांच्या नजरेस पडायची नाही. लिस्टवर सही इन्चार्ज सिस्टरची, पण त्यांचे कान कोण फुंकते ते मला समजते. त्या दोन सकाळी ड्युटीवर कोण? समीना.

कोर्सची प्रगती : २ टक्के. पोर्टलवर हिरवी पट्टी असते. माझी अजून दिसण्याइतकी झालेली नाही.

२७ जानेवारी, गावी

सुट्टीला घरी आले होते. पहाटेचा क्लास अंगणातून केला, कारण रेंज फक्त तिथेच. बाबांनी मागून येऊन एक दिवसाचे कोकरू माझ्या मांडीवर ठेवले. म्हणाले, धर जरा, माझे हात गुतल्यात. वर्गातल्या एकोणीस जणींनी स्क्रीनवर लाल बदाम पाठवले. प्रोफेसर मॅडमनी कोकराचे नाव विचारले. माझे अजून विचारलेले नाही.

५ फेब्रुवारी

असाइनमेंट आली. आपल्या कामाच्या ठिकाणच्या एका लीडरचे निरीक्षण करा, मुलाखत घ्या, दोन हजार शब्द. अडचण अशी की आमच्या वॉर्डात माझ्याखेरीज लीडर कोणी नाही. स्वतःची मुलाखत घेतली तर चालेल का, असा मेल केला.

६ फेब्रुवारी

चालणार नाही.

१२ फेब्रुवारी

नऊ नंबर बेडच्या आजोबांचा मुलगा उंब्रजहून आला आणि नर्सिंग स्टेशनच्या टेबलापाशी येऊन ओरडू लागला. माझ्या बापाकडं बघतंय का न्हाई कोण, डॉक्टर कुठं मेला. संधी! मॉड्यूल दोनमध्ये भांडण मिटवण्याच्या पाच पायऱ्या आहेत. मी पहिली घेतली : समोरच्याची भावना शब्दांत मांडा. म्हटले, तुम्ही आत्ता रागात आहात असे मला जाणवते. तो म्हणाला, मग काय नाचतोय व्हय मी?

दुसऱ्या पायरीवर होते, तेवढ्यात समीना आली. त्याच्या हातात थर्मास दिला आणि म्हणाली, दादा, तात्यांनी सकाळपास्नं काय घेतलं न्हाई, तुमीच येणार म्हणून थांबल्यात. कँटीनमधनं गरम दूध आणा, तवर मी डॉक्टरांस्नी बोलावते. तो निमूट गेला. परत आला तो वडिलांना चमच्याने दूध पाजत बसला.

पाच पायऱ्यांपैकी एकही तिने वापरली नाही. याला शास्त्रीय आधार काय?

वॉर्डातल्या शालूबाई फरशी पुसता पुसता म्हणाल्या, आवं प्रांजलसिस्टर, तुमी लय शिकल्यासा, पर तेवढ्यात दूध थंड झालं असतं.

२० फेब्रुवारी

रमजान सुरू झाला. समीनाचे रोजे. दिवसभर पाणी नाही, तरी चेहरा टवटवीत, आवाज चढत नाही. मी दोन चहा आणि एक वडापाव खाऊन चिडचिडी. वही चालूच. उपाशीपोटी डॉक्टरेट! असल्या बाईशी स्पर्धा करायची म्हणजे. (करत नाहीच.)

प्रगती : ७ टक्के.

२४ फेब्रुवारी

मोठी बातमी. इन्चार्ज सिस्टरांना म्हटले, मार्चची लिस्ट मला करू द्या, माझ्याकडे आधुनिक पद्धत आहे. त्यांनी आधी समीनाकडे पाहिले. का पाहिले? मग म्हणाल्या, कर बाई, तुझीबी हौस फिटू दे.

पद्धत अशी : मोबाइलवर फॉर्म. ज्याने त्याने आपली सुट्टी स्वतः निवडायची. कारण विचारायचे नाही, तो खासगी मामला. फॉर्म आपोआप लिस्ट तयार करतो, तपासण्याची गरज नाही. विश्वास हाच पाया. मॉड्यूल तीन.

समीना म्हणाली, प्रांजल, वीस-एकवीसचं तेवढं बघ गं. पाडव्याच्या पाठोपाठ यात्रा हायत आणि ईद चंद्रावर हाय. ते पेन्सिलनंच लिहावं लागतं.

मी नम्रपणे सांगितले की कॅलेंडरमध्ये ईद वीस तारखेला छापली आहे आणि आपण आता चंद्रावर वॉर्ड चालवणार नाही. ती बरं म्हणाली. बरं म्हणायची तिची पद्धत मला आवडत नाही.

१ मार्च

लिस्ट लावली. रंगीत प्रिंट, वर लॅमिनेशन. पाणी सांडले तरी काही होणार नाही. मायाने, म्हणजे आमच्यातल्या सगळ्यांत जुन्या स्टाफने, बोट फिरवून पाहिले आणि विचारले, मग यात बदली करायची तर लिहायचं कुठं? मी म्हटले, चांगल्या लिस्टमध्ये बदली लागतच नाही.

मेट्रन मॅडम दोन मिनिटे लिस्टसमोर उभ्या होत्या. प्रभावित झालेल्या दिसल्या.

२० मार्च

चंद्र काल दिसला नाही. ईद उद्या. समीनाची सुट्टी आज, उद्या सकाळची ड्युटी. यात माझी चूक नाही. चंद्राची आहे.

२१ मार्च, सकाळी ७.१०

वॉर्डात मी एकटी. तीस बेड, अठ्ठावीस पेशंट. नऊ स्टाफपैकी सात जणी सुट्टीवर. एका दिवसात जास्तीत जास्त किती सुट्ट्या, ते फॉर्ममध्ये घालायचे राहिले. दुपारच्या ड्युटीला कोणी नाही. रात्रीच्या रकान्यात एक छान निळा रंग आहे आणि नाव नाही.

लिस्ट पुन्हा पुन्हा वाचली. लॅमिनेशन चकाकत होते.

७.२५

समीना आली. हातावर मेंदी, वर ग्लोव्हज, काखेत शिरखुर्म्याची बरणी. मी काही बोलायच्या आत म्हणाली, तू इंजेक्शनं सुरू कर, मी एक ते पंधरा बेड बघते. शालूबाई पुटपुटल्या, सणाच्या दिवशी लेकराला बोलावलं, काय ही आधुनिक पद्धत. समीना म्हणाली, मावशी, कालच्या सुट्टीत सगळा सैपाक उरकला की मी, उलट बरं झालं.

खोटे बोलत होती. आल्यापासून दहा मिनिटांत तिच्या घरून चार फोन आले. चौथा तिच्या आईचा, रडत.

दुपारी ३

लिहायला वेळ नव्हता. दहा वाजता समीनाने हिरवी वही काढली आणि मायाला फोन लावला. माया आजोळच्या यात्रेला कुंडलकडे. समीना म्हणाली, मायाताई, तुमचा गोडा निवद झाला असंल ना? उद्याच्या मटणाच्या खाऱ्या निवदाला तुमी माळकरी काय करणार तिथं, दोनपर्यंत येताय का? मायाताई हसून व्हय म्हणाल्या. आणखी दोन फोन. दुपार भरली, रात्र भरली. वीस मिनिटांत.

मी तिला म्हटले, आता तू जा. ती म्हणाली, ओव्हर देते नि जाते. आणि दोनला लिननच्या खोलीत गेली. मीही मागोमाग गेले. तिने वही माझ्याकडे सरकवली. म्हणाली, बघायचंय ना? तीन महिने चादरी नेतीयेस, वॉर्डात एवढी पेशंटं तरी हायत का?

२२ मार्च

डॉक्टरेट नाही. कुठलीच नाही.

वर्षभर ड्युटी लिस्ट समीनाच करत होती. इन्चार्ज सिस्टरांच्या डोळ्यांचे ऑपरेशन झाल्यापासून. त्या फक्त सही करायच्या. पंचवीस तारीख म्हणजे लिस्ट मेट्रनकडे द्यायची तारीख. मी अडीच महिने अशा बाईशी शर्यत लावली जी धावतच नव्हती.

वहीत प्रत्येकीचे एक पान. कुणाच्या गावची यात्रा कधी, कुणाच्या मुलाची दहावी, कुणाच्या सासऱ्यांचे डायलिसिस सांगलीला कोणत्या वारी. ईदसमोर पेन्सिलने दोन तारखा आणि प्रश्नचिन्ह.

माझे पान सातवे. त्यावर : प्रांजल. मंगळ-शुक्र पहाटे क्लास. सकाळची नको, झोप होत नाही. दुपारची द्यावी.

तारीख १७ जानेवारी. त्यापुढे कंसात : विचारू नये, तिला गुपित ठेवायचंय.

शालूबाईंना विचारले, माझ्या कोर्सचे वॉर्डात किती जणांना माहीत आहे? म्हणाल्या, पेशंटं धरून का सोडून?

२६ मार्च

काल रात्री झोप लागली नाही म्हणून असाइनमेंट लिहिली. ही रोजनिशीच समोर घेतली. समीनाविरुद्ध जेवढे लिहिले होते ते सगळे, थर्माससकट, जसेच्या तसे उतरवले. फक्त माझी मते गाळली. दोन हजार एकशे शब्द झाले. मते गाळल्यावर एवढे उरेल असे वाटले नव्हते.

३० मार्च

मार्क आले. पन्नासपैकी अठ्ठेचाळीस. शेरा : या लीडरबद्दल आणखी वाचायला आवडेल. अठ्ठेचाळीसपैकी माझे किती आणि तिचे किती, ते कळवलेले नाही. पुन्हा दोनच मार्क कमी. यावेळी सर्दीही नव्हती.

बाबांना सांगितले. त्यांनी विचारले, म्होरक्या घावला म्हण की. मी म्हटले, हो, पण तो मी नाही. बाबा म्हणाले, आगं, कळपाच्या मागनंबी कुणीतरी चालाय लागतंय. मी काय म्होरं चालतोय व्हय? जन्म गेला मागनं.

१ एप्रिल

इन्चार्जचा माझा अर्ज मी काल सकाळीच मागे घेतला. कारण लिहिले : डॉक्टरेटच्या अभ्यासाचा भार. मेट्रन मॅडमनी विचारले, कितपत झालाय? मी म्हटले, दोन आकडी. (अकरा टक्के.) त्या म्हणाल्या, बरं. आजकाल सगळ्या बायका समीनासारखे बरं म्हणतात.

एप्रिलची लिस्ट लागली, आता सही इन्चार्ज समीनाची. साधा कागद, पेन्सिल. आमच्या बिरोबाच्या यात्रेला मला दोन दिवस सुट्टी आहे. मी मागितली नव्हती. वहीत माझ्या पानावर नवी ओळ आहे : खारा निवद खाते, दुसरा दिवसही द्यावा.

आज दोन वाजता ओव्हर देऊन लिननच्या खोलीत दुसरे स्टूल नेऊन ठेवले आणि बसले. लिस्टला एक जास्तीची नजर लागतेच. खोडरबरही नवा घेतला. तिच्यापेक्षा मोठा आहे.