दोन वेळची चूल

मु. खैरटोला, पो. सिंदेवाही, जि. चांदा
दि. १९ एप्रिल १९५८

चिरंजीव देवाजी यास ताईचा आशीर्वाद.

इथी सारे खुशाल आहेत, असं पत्राच्या तोंडी लिवा लागते म्हणून लिवलं. किती खुशाल आहेत ते पुढं वाचशील.

तुहं पत्र पोचलं अन् त्यातलं पेपरचं कात्रणही पोचलं. तुह्या गळ्यात हार, हातात चुलीच्या अभ्यासाचं पदक. फोटोत हडकून गेला बाप्पा तू. नागपूरच्या खानावळीत पोटभर देत नाई काय? आईनं माहेरी गावभर साखर वाटली म्हणे. मीही ते कात्रण सासूबाईले दाखवलं. त्यायनं ते डोळ्याजवळ धरलं, उलटं करून पाह्यलं अन् परत देल्लं.

लाल गाय व्याली, गोऱ्हा झाला. मोहफूल यंदा मस्त पडून राह्यलं, पण झाडाखाली वेचायले बाई नाई. तुहे भाऊजी बरे आहेत. माह्यासंग आठ दिवसांपासून बोलत नाई, एवढंच.

तू बांधून देल्ली ती बिनधुराची चूल अजून जागच्या जागी आहे. तिच्यात आमची कोंबडी अंडे घालते. सरपण कमी लागते तिले, खोटं कायले बोलू. पण तिच्यासाठी लाकडाच्या बोटाएवढ्या ढलप्या करा लागते, अन् आमची कुऱ्हाड आता जंगलच्या नाकेदाराच्या चौकीत आहे. जानेवारीत हुकूम निघाला तवा नेली. तुले ठाऊक नाई म्हणू नोको, मी दोन पत्रं लिवले होते. एकाचं उत्तर आलं नाई, अन् दुसऱ्याचं आलं त्यात तू सारा वेळ तुह्या मास्तरायचंच कौतुक केलं.

पुन्हा सांगतो, आता नीट वाच. आमच्या टोल्याले लागून जे जंगल आहे तिथून वाळलेलं लाकूड आणायचा आमचा निस्तार, आमचा जुना हक्क, बंद झाला. आता फक्त बुधवारी, अन् तेही डोंगरापल्याडच्या कुपातून, सरकारनं तोडीले देल्लेल्या जागेतून, डोक्यावर एक मोळी. जाऊन येऊन सात कोस. बाकी दिवस शेण जाळा म्हणते. शेण जाळलं तं धानाच्या बांधीत काय टाकू? तुह्या पदकाची राख?

हुकूम वाचला तो भैयाजी पाटलानं, चावडीपुढं. हुकुमासंग तुहं छापील पुस्तकही होतं, हिरव्या पुठ्ठ्याचं. पाटील शिकलेला माणूस, त्यानं ते अथपासून इतिपर्यंत आम्हाले वाचून दाखवलं. खैरटोला, घरं अठरा. घर नंबर एक, घर नंबर दोन. नावं नाई कुणाचे, नुसते नंबर. दर घराची चूल रोज दोन वेळ पेटते. एक मोळी अठ्ठावीस शेराची, ती दोन दिवसात जळते. म्हणून सालाच्या दीडशे गाड्या लाकूड हा एवढासा टोला गिळते. असेच आजूबाजूचे सारे गावं धरले तं पंचवीस सालात जंगल साफ. बाया ऐकून एकमेकीकडं पाहत राह्यल्या. आमच्या बिचाऱ्यांच्या चुली एवढ्या खादाड आहेत, आम्हालेच मालूम नव्हतं.

अन् देवा, नाल्याच्या वरतं ठेकेदाराच्या कोळशाच्या भट्ट्या आहेत. सात. तू तिथून रोज आंघोळीले जात होता. त्या भट्ट्या रात्रंदिवस धुमसतात, त्यायचे ट्रक आमच्या दारावरून जाते. त्या तुह्या पुस्तकात काऊन नाई आल्या? तू लिवलं की तुहा विषय घरच्या सरपणाचा होता, भट्ट्यायचा नव्हता. वा रे विषय! चोर सोडून संन्याशाले सुळी म्हणते ते हेच.

हे सारं मी तुले आधीही लिवलं. चिडून लिवलं. पण त्या दोन्ही पत्रात एक गोष्ट मी लिवली नाई. आजही कागद घेऊन बसली तवापासून गायीची अन् कोंबडीची गोठ सांगून राह्यली, पाह्यलं ना तू? आता लिवतो.

मागच्या साली याच दिवसात तू आला. आमच्या ओसरीत घोंगडी टाकली, मांडीवर वही, हातात तांबडी पेन्सिल. लटकता काटाही आणला होता लाकूड मोजायले. पहिल्यांदा मलेच विचारलं. "ताई, चूल दिवसातून किती वेळा पेटते?" कालेजाच्या साहेबासारखं विचारलं. मले हसू आलं.

तुले मालूम आहे काय, आमच्या झाडीपट्टीत होळी झाली की कोठीतलं धान तळाले जाते. मग संध्याकाळी एकदा भात शिजवा, त्यातलाच थोडा पाण्यात टाकून ठेवा, सकाळी मीठ घालून तोच प्या. आषाढ-श्रावणापर्यंत असंच. चूल एकच वेळ. अठराही घरी. पण हे कोणी कोणाले सांगत नाई. चूल एक वेळ पेटते म्हणणं म्हणजे आम्ही एक वेळ जेवतो म्हणणं. पाहुण्यापुढं तं नाईच नाई. अन् तू तं माहेरचा माणूस! लग्नात बाबानं म्हटलं होतं, पोरगी चांगल्या घरी देल्ली, पोटाची काळजी नाई. तू गावी जाऊन आईले सांगतलं असतं तं तिच्या घशाखाली घास उतरला असता काय? सासूबाई दाराआड उभ्या होत्या. मी म्हटलं, "दोन वेळ. नाई तं काय! मोळी दोन दिवस पुरते." झाकली मूठ सव्वा लाखाची.

खरं तं मोळी पाच दिवस पुरत होती.

अन् तू मोजली ती मोळी? ती माहीच. भाऊ येणार म्हणून मी ती दुप्पट बांधून आणली होती, मानेत लचक भरली होती तवा. तू एक मोजली अन् साऱ्या गावाले तेच माप लावलं.

मंग तू घरोघरी गेला. बायायनं विहिरीवर मले आधीच विचारलं होतं, "गुणाबाई, तू काय सांगतलं?" मी म्हटलं दोन. झालं. गुणाच्या घरी दोन, तं कोणाच्या घरी एक राहीन?

तू म्हणशील, ताई, मी आठ दिवस तुह्या घरी होतो, माह्या डोळ्यानं पाह्यली दोन वेळ पेटलेली चूल. हाव, पाह्यली. तुह्यासाठी पेटली होती! सकाळी तुले गरम भात, वरण, वरून तुपाची धार. तू म्हणे, "ताई, तूही बस माह्यासंग." मी म्हणे, "मले मागून." ते मागून कधी झालंच नाई रे. तू एवढं शास्त्र शिकला, भांडे घासायच्या जागी उष्टं ताट एकच होतं, ते तुले दिसलं नाई?

आता रुखमाबाईची गोठ. लिवायची नव्हती, पण तिच्याचसाठी हे पत्र आहे.

रुखमाबाई म्हणजे आमच्या बाजूची, घर नंबर अठरा. नवरा वारला, लेकरू नाई, तोंडानं फटकळ. तू तिच्या दारी गेला तवा ती सूप पाखडून राह्यली होती. तिनं हात न थांबवता सांगतलं, "एक वेळ पेटते बापू. अन् तेही सूपात काई असलं तं." तू हसला. संध्याकाळी मले पुसलं, "ताई, सारे दोन म्हणते, ही एकटीच एक म्हणते. हिचं कसं?"

देवा, तवा सांगायची वेळ होती. तिचं खरं धरलं तं माहं खोटं पडत होतं. मी म्हटलं, "ती एकटी रांड बाई, तिच्या जिभेले हाड नाई. तिचं काई धरू नोको." तू तांबड्या पेन्सिलनं एक रेघ मारली. माह्या डोळ्यापुढं मारली.

तुह्या पुस्तकात ते आलं. "एका घराची माहिती अविश्वसनीय वाटल्याने वगळली आहे." पाटलानं वाचलं तवा रुखमाबाई माह्या बाजूले बसून होती. तिनं पुसलं, "ते कोणतं घर हो पाटील?" पाटील म्हणे, "अठरा." ती काई नाई बोलली. मी पदराचा काठ पाहत बसली.

त्या दिवसापासून मी तिच्यासंग लाकडाले जाणं सोडलं. आम्ही सात साल जोडीनं जात होतो. आमच्यात एकटी बाई जंगलात जात नाई, जोडी लागते. एकीनं तोडा, एकीनं पाहा. मी दुसऱ्या बायायसंग जाऊन राह्यली, कारण तिच्या तोंडाकडं पाहवत नव्हतं. तिले जोडी कोण? ती एकटी जाऊन राह्यली.

होळीनंतरचा दुसरा बुधवार. डोंगरापल्याड, मोहाच्या झाडाखाली अस्वल होतं फुलं खात. पाठीमागून पाहणारं कोणी नव्हतं. उजवा डोळा गेला, गालाचं मांस गेलं. चांद्याच्या दवाखान्यात महिनाभर होती. मोळी तिथंच राह्यली.

मागच्या हप्त्यात तिले बैलगाडीतून आणलं. मी गेली. अर्धं तोंड बांधलेलं. मी तिच्या पायापाशी बसून सारं ओकली. चुलीचं, मोळीचं, तांबड्या रेघेचं. वाटलं शिव्या देईन, थुंकीन. ती म्हणाली, "मले मालूम होतं व. तुहा भाऊ आला तवा तुह्या घरी आठ दिवस तांदूळ कोणाचे शिजले? म्या नाई देल्ले काय?"

हो देवा. ते तांदूळ तिचे होते. मीच ओटीत मागून आणले होते, अन् तिनं "परत देऊ नोको, तुहा भाऊ तो माहा भाऊ" म्हणून देल्ले होते. तिच्या घरी आठ दिवस एक वेळही पेटली नसन. तो भात खाऊन तू तिलेच खोडलं, अन् खोडायले मी सांगतलं.

मी म्हटलं, "मंग चावडीवर बोलली काऊन नाई?" ती म्हणे, "तुही लाज गेली असती."

आता काम ऐक. तीन मेले सिंदेवाहीले मोठा साहेब येऊन राह्यला, निस्ताराची सुनावणी आहे. त्याच्यापुढं तुहं हिरवं पुस्तक राहीन. पाटील म्हणे, ज्यानं लिवलं त्यानंच येऊन चूक सांगतली तं हुकूम फिरू शकते, नाई तं पावसाळ्याच्या आत पक्का होते. पक्का झाला की माह्या नातवंडायलेही डोंगर ओलांडा लागन.

तुह्या मागच्या पत्रात तू लिवलं, ताई, छापून झालं, आता खोडता येत नाई, अन् मास्तर मले विलायतेले पाठवून राह्यले, या वेळी गडबड नको. अन् आकडे माहे नाई, गावाच्याच तोंडचे आहेत. ते तं खरं आहे. माह्याच तोंडचे. पण खोडता येत नाई म्हणू नोको. रुखमाबाईले तं एका रेघेत खोडलं होतं.

तू ये नाई तं नोको येऊ. मी जाऊन राह्यली. साहेबापुढं, पाटलापुढं, अठराही घरच्या माणसायपुढं उभी राहून सांगणार, आमच्या घरी एकच वेळ चूल पेटते. हे घरी सांगतलं तवापासून तुहे भाऊजी बोलत नाई. "घराची इज्जत वेशीवर टांगते" म्हणे. सासूबाई मात्र आज सकाळी हळूच म्हणाल्या, "जाय. मी संग येतो."

माह्यासारख्या बाईचं साहेब ऐकन की नाई, मले मालूम नाई. तुह्या छापील पुस्तकापुढं माही जीभ केवढी! तू आला असता तं ऐकलं असतं. तुही वही आहे ना अजून? ती तांबडी रेघ असलेली? ती घेऊन ये. अन् आला तं यावेळी तुह्यासाठी सकाळी चूल पेटवणार नाई. पाण्यातला भात आहे, बसशील तं संग बसू.

आईले यातलं काई सांगू नोको, असं लिवणार होती. नाई. सांग. तिनं वाटलेली साखर कशावर वाटली, तेही सांग.

तुही ताई गुणा,
घर नंबर सतरा.
चूल, एक वेळ.